शेवटच्या पंगतीचं तेल

जीनच्या मुहूर्ताच्या जेवणाला सतरा दिवस झाले होते, तेव्हा देवमनच्या पायातली वहाण गळून पडली. ती पडल्याचं त्याला कळलंच नाही. जीनच्या कच्च्या रस्त्यानं तो तसाच दहा-बारा पावलं पुढं गेला. मागून त्याची बायको भागीरथा येत होती. तिनं वहाण उचलली, उलटी करून तळ पाहिला, अंगठा ओढून पाहिला. तुटलेलं काही नव्हतं.

"वहान पडली ना तुमची."

देवमन थांबला. त्यानं आधी तिच्या हाताकडं आणि मग आपल्या पायाकडं पाहिलं. "मले तं वाटलं, हायेच पायात."

त्यानं वहाण घातली. चार पावलांवर ती पुन्हा पडली. पायाची बोटं वादी धरतच नव्हती. तिसऱ्यांदा पडली तेव्हा दोन्ही वहाणा काखेत मारून तो अनवाणी चालायला लागला, आणि भागीरथेला एक नवाच आवाज ऐकू आला. चालताना माणसाची आधी टाच टेकते, मग चवडा. देवमनचं पाऊल ओल्या फडक्यासारखं एकदम पडत होतं. फट्. फट्.

धामणखेड मूर्तिजापूरपासून सात मैलांवर. एकसष्ट सालचा कापसाचा हंगाम नुकता लागला होता. गावाबाहेर, सडकेला लागून, एका शेठचं जीन होतं, कापसातली सरकी काढायचा कारखाना. देवमन तिथं रुईच्या गाठी वखारीत रचायच्या कामावर होता आणि भागीरथा रेचा नावाच्या यंत्राला कापूस लावायची. पोटी लेकरू नव्हतं. घरात तिसरी देवमनची आई, चतुराबाई. नाल्याच्या अंगाला एकोणीस घरांची बौद्धांची वस्ती होती, तिच्यात त्यांचं शेवटचं घर.

दुसऱ्या दिवशी देवमन वखारीच्या पायऱ्या चढताना हातानं गुडघा उचलून चढला. मुकादम खुशालरावांनी ते पाहिलं.

"काय रे देवमन, सकाय सकायच घेतली काय?"

बाकीचे मजूर हसले. देवमन दारू पीत नव्हता, हे खुशालरावांनाही माहीत होतं. जोडीदारासोबत त्यानं गाठीला हुक लावला, जोर दिला, आणि पाय शेणावर पडावा तसा घसरून तो बसकण मारून खाली आला. गाठ त्याच्या मांडीपासून वीतभर अंतरावर पडली. या वेळी कोणी हसलं नाही. खुशालराव म्हणाले, "जाय घरी. चांगला झाला का ये."

चौथ्या दिवशी चतुराबाई चुलीपुढून उठताना तोंडावर पडली. आठवडा उलटेपर्यंत वस्तीतली अकरा माणसं पडली, आणखी आठवड्यानं एकोणीस. सगळ्यांचं एकच. आधी पोटऱ्यांत गोळे, मग पावलं लोंबायला लागली, मग काहींच्या हाताचे पंजे. भाकरीचा तुकडा मोडता येईना. ताप नाही, डोकं साफ, भूकही लागते. फक्त गुडघ्याखाली पाय आपले नाहीत.

आणि गावात एकही नाही.

हे गाव बोलायच्या आधी वस्तीतच बोललं गेलं. श्रावण म्हणून वस्तीतला जाणता माणूस होता. त्याच्या सुनेचे पाय गेले होते. एका सकाळी तो देवमनच्या ओट्यावर येऊन बसला.

"पाच वर्स झाले, आपन मरीमाय नदीत शिरवली," तो म्हणाला. "आपल्यातलेच लोक म्हनून राहिले, तिनंच पाय धरले. नाही तं आपल्याच वस्तीत काहून?"

"तुमी काय म्हनता?" देवमननं विचारलं.

"मी काय म्हनीन? मी तं उचलून नेली होती, ह्या खांद्यावर. पन सून कनते रातदिवस."

आतून चतुराबाईचा आवाज आला. "देवमन, एक नारळ फोडून टाक बापा. अंधारात जाऊन ये. कोन पायते?"

"मीच पायतो ना, माय."

"पायानं गेला तू!"

"पायानं गेलो. अजून तोंड हाये." देवमन भिंतीला टेकून बसला होता, पाय पुढं पसरलेले, पावलं दोन बाजूंना कलंडलेली. "बाबासाहेबाचं नाव घेऊन जे सोडलं ते सोडलं. पुन्हा नाव काढू नोको."

श्रावण उठला. दारात भागीरथा उभी होती. तिच्याकडं पाहत तो थबकला. "तू चांगली हायेस बाई, भागीरथा. नवरा पडला, सासू पडली, तुले काई नाही."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं कदाचित. पण घरोघर असं कोणी कोणी म्हणायला लागलं, तेव्हा भागीरथेला त्या बोलण्याचा काटा लागला. मग काट्याचा राग गेला आणि प्रश्न तेवढा राहिला. मले काहून नाही? एकाच हंड्यातलं पाणी पितो, एकाच तव्यावरची भाकर खातो. भांडी घासताना, पाणी भरताना, सासूला पाठीवर घेऊन परसात नेताना ती तेच उलटून पालटून पाहत राहिली.

जिल्ह्याहून तरुण डॉक्टर आला. त्यानं रबरी हातोडीनं सगळ्यांचे गुडघे ठोकून पाहिले, तळव्याला किल्ली ओढून पाहिली, वहीत लिहिलं. एकाच वस्तीत रोग, म्हणजे एकाच विहिरीत, असं त्यानं ठरवलं. जीनचा मुनीम बरोबर होता, त्यानंही मान हलवली. "त्यायची विहीर येगळी हाये साहेब." दुपारी वस्तीच्या विहिरीवर फळ्या ठोकल्या गेल्या. गावाच्या विहिरीवर वस्तीला जागा नव्हती. मग सव्वा मैलावरच्या डोहातून पाणी. एकोणीस माणसं पडलेली, त्यांचं धुणं, त्यांचं न्हाणं, आणि चालती माणसं पंचवीसही नाहीत. भागीरथा दिवसाला सात खेपा करायची. डोक्यावरच्या चुंबळीखाली केस गळून टक्कल पडलं.

डोहाच्या वाटेवर बाया बोलत. त्या बोलण्यात एकदा मैनाबाई म्हणाली, "आमच्या घरी कोनाले नाही. आमी तं त्या दिवशी जेवाले बी नोतो, माहेरी गेलो होतो लग्नाले."

"कोन्त्या दिवशी?" भागीरथेनं विचारलं.

"मुहूर्ताच्या."

भागीरथा हंडा घेऊन तशीच उभी राहिली. पाणी मानेवरून ओघळलं तेव्हा चालायला लागली.

त्या दिवसापासून ती प्रत्येक घरी थांबू लागली. जीन सुरू होण्याच्या दिवशी शेठनं सगळ्या मजुरांना आणि गावाला जेवण दिलं होतं. तू गेली होती का? कोणच्या पंगतीले बसली? काय काय खाल्लं? लोक आधी चिडले. "जेवनाचं काय काढलं वो आता?" मग सांगू लागले, कारण जेवण चांगलं झालं होतं आणि आठवायला बरं वाटत होतं. पुऱ्या, भजे, बुंदी, वरण-भात, वांग्याची भाजी. भागीरथेला लिहिता येत नव्हतं. घरी येऊन ती दोन गाडग्यांत सरक्या टाकायची. पाय गेलेल्याची सरकी डाव्या गाडग्यात, धड माणसाची उजव्या. धड माणसांची सरकी टाकण्याआधी ती मनाशी कारण म्हणायची. हा बाजारात गेला होता. ही बाळंतीण होती, तिनं तळलेलं खाल्लं नाही. ही माहेरी.

आणि मी. त्या दिवशी तिची दाढ सुजली होती. तिनं वरणात कालवून चार घास भात गिळला होता, बस.

सगळं बसलं, एक सरकी सोडून. चतुराबाई जेवायला गेलीच नव्हती. ती घरी होती.

भागीरथा त्या सरकीकडं बराच वेळ पाहत राहिली. मग उठून सासूच्या खाटेशी जाऊन बसली.

"आत्याबाई, त्या दिवशी मी तुमाले भजे आनले होते ना? पदरात?"

"आनले होते. पाच."

"सारे खाल्ले तुमी?"

"सारे खाल्ले. सांगतलं बी मीच होतं तुले, माह्यासाठी आन म्हनून." चतुराबाई छताकडं पाहत होती. तिला विचारण्याचा रोख कळला की नाही, हे कळेना. मग तिनं आपला वाळका, मनगटात लोंबणारा हात भागीरथेच्या मांडीवर आपटल्यासारखा टाकला. "चांगले होते वो. कुरकुरीत होते. रडू नोको."

डॉक्टर पुढच्या आठवड्यात आला तेव्हा भागीरथा दोन्ही गाडगी घेऊन शाळेत गेली; तो रोगी तिथंच तपासायचा. डॉक्टरनं हसू दाबलं, पण ऐकून घेतलं.

"बाई, त्या दिवशी तीनशे माणसं जेवली. तेच तळण सगळ्या गावानं खाल्लं. गावात कुणाला काही नाही."

"गाव पयल्या दोन पंगतीत जेवलं साहेब. आमाले शेवटी बसवलं."

"तेल तेच ना?"

मुकादम खुशालराव दारात उभे होते. डॉक्टरनं त्यांच्याकडं पाहिलं. "तेल एकच होतं," खुशालराव म्हणाले. "एकच." दुसऱ्यांदा ते जरा मोठ्यानं म्हणाले.

डॉक्टर म्हणाला, "विहीर न वापरणारा एक जरी माणूस असा आजारी दाखवलात, तर मी तुमचं म्हणणं धरीन."

घरी येताना गाडगी रिकामी करावीत असं तिला वाटलं. केली नाहीत.

पौष लागला. घरात कमावणारे हात तिचे दोनच उरले होते, आणि जीनमधून तिला काढलं होतं. ती गावातल्या जानरावांच्या शेतात वेचणीला जाऊ लागली. जानराव कुणबी, आठ एकराचा धनी, स्वतः राबणारा माणूस. पण या खेपेला शेतात त्यांची बायको कौसल्या एकटीच होती. बैल तीच सोडायची, ओझी तीच बांधायची.

"पाटील कुठी गेले?" भागीरथेनं विचारलं.

"पाठीत वात भरला. झोपून हायेत."

संध्याकाळी वेचलेला कापूस मोजून द्यायला सगळ्या बाया जानरावांच्या अंगणात गेल्या. अंगणात बारीक धूळ होती. भागीरथा ओळीत उभी होती, आणि तिची नजर खाली गेली. ओसरीपासून मोरीपर्यंत धुळीत दोन रेघा गेल्या होत्या. सलग नव्हत्या, तुटक तुटक. पाऊल उचलताना चवडा लोंबतो आणि बोटं जमिनीवर ओढली जातात, त्याच्या रेघा. अशाच रेघा ती रोज सकाळी आपल्या अंगणातून झाडून काढत होती.

घरी आल्यावर तिनं देवमनला सांगितलं. तो अंबाडीचा दोर वळायचा प्रयत्न करत होता. त्याचे हात थांबले.

"तुमाले काई माईत हाये?"

देवमननं अर्धवट वळलेला दोर बाजूला ठेवला.

"माईत हाये ना? मी घरोघर फिरून राहिली, लोकायचे बोलने खाऊन राहिली, आन् तुमाले माईत हाये!"

"तो बी पडला, हे माईत नोतं मले," देवमन म्हणाला. "बाकी त्याले विचार. मी शब्द देल्ला हाये."

दुसऱ्या दिवशी दुपारी भागीरथा वेचणी टाकून जानरावांच्या घराच्या मागच्या दाराशी गेली. कौसल्या भांडी घासत होती.

"पाटलीनबाई, पाटलाले वात नाही."

कौसल्येचा हात राखेत थांबला. "तुले काय करनं हाये?"

"माह्या घरी दोन हायेत तसे. वाटीनं पानी पाजा लागते. मी ओयखतो."

"हळू बोल," कौसल्या म्हणाली. मग एकदम तिचे डोळे भरले. "दीड महिना झाला. कोनाले भेटू देत नाहीत. डॉक्टर आनू देत नाहीत. मलेच समजत नाही वो काय झालं त्यायले."

आतून जानरावांचा आवाज आला. "कोन हाये?"

भागीरथा उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि तिथूनच बोलली. विहिरीवर फळ्या ठोकल्यात. सव्वा मैलावरून पाणी आणतो. सात खेपा. डॉक्टर म्हणतो रोग आमच्या पाण्यात, गाव म्हणतं आमच्या पापात. "तुमी आमच्या विहिरीचं पानी पेत नाही पाटील. तुमचे पाय काहून गेले, एवढं सांगा. मले नाही सांगू नोका. डॉक्टरले सांगा."

आतून खाट कुरकुरली तेवढीच. ती वाट पाहून परत वेचणीला गेली.

शुक्रवारी शाळेच्या व्हरांड्यात डॉक्टर बसला होता. रोगी भिंतीशी ओळीनं बसले होते. गावातले दहा-वीस लोक, मुनीम, खुशालराव उभे होते. तेवढ्यात बैलबंडी आली. कौसल्या हाकत होती. तिनं चाकाला धोंडा लावला, मागं जाऊन नवऱ्याला काखेत हात घालून उतरवलं. जानराव व्हरांड्यापर्यंत पाच-सहा पावलं चालले. गुडघे उंच उचलून, पावलं आपटत. फट्. फट्. सगळं गाव पाहत होतं.

डॉक्टर उभा राहिला. "किती दिवसांपासून?"

"दीड महिना."

"मुहूर्ताच्या दिवशी जेवायला होतात? कोणत्या पंगतीत?"

जानरावांनी खांब धरला. "शेवटच्या."

मुनीम घाईनं पुढं झाला. "पाटील, तुमाले आठवत नसन. गावकऱ्यायची पंगत तं..."

"शेवटच्या म्हनलं ना!" जानराव ओरडले. मग आवाज खाली आला. "माही कापसाची गाडी वजनकाट्यावर लागली होती. दिवसभर पोटात काई नोतं. गावाची पंगत उठून गेली. गठानीमागं बसलो. या देवमननं मले पत्रावळ वाढून आनून देल्ली, आन् बाजूलेच बसून तो जेवला. कोनाले सांगू नोको म्हनलं मी त्याले." त्यांनी देवमनकडं पाहिलं. "पाय गेले त्याचे. तरी नाही सांगतलं त्यानं."

गर्दीतून कोणी तरी "बाटला" असं पुटपुटलं. कौसल्येनं त्या बाजूला पाहिलं आणि पाहतच राहिली, तेव्हा तो आवाज बंद झाला.

खुशालराव दाराच्या चौकटीला धरून सावकाश खाली बसले.

"पिपा मी आनला," ते म्हणाले. "तेल सरलं होतं. आचारी ओरडून राहिला होता. शेठजी म्हने, पायून ये इंजिनाच्या खोलीत काई हाये का. डिस्पोजलच्या लिलावातले ड्रम होते, मिल्ट्रीचे. त्यातलं एका चांगल्या पिप्यात काढून ठेवलं होतं. भुईमुंगाच्या फल्लीच्या तेलावानी दिसे. वास नाही. मी बोटावर घेऊन चाखलं. गोडं लागलं." त्यांनी हाताचं बोट पुढं केलं, जणू तेल अजून तिथं होतं. "मंग देल्लं कढईत टाकाले."

"विहीर उघडा," डॉक्टर म्हणाला.

फळ्या काढायला श्रावण गेला. पहार त्यानं कोणाला घेऊ दिली नाही.

पुढं पोलीस आले, पंचनामा झाला. ड्रमातलं तेल बाटलीत भरून मुंबईला गेलं. शेठनं लिहून दिलं, मुकादमानं न विचारता पिपा काढला. खुशालराव चार महिने तुरुंगात राहून आले. जीन दुसऱ्या हंगामात पुन्हा सुरू झालं. डॉक्टरची बदली झाली. जाण्याआधी भागीरथेनं त्याला विचारलं होतं, "पाय कवा येतीन साहेब?" तो म्हणाला, "हात येतील. पायांचं काही सांगता येत नाही." "आन् तेलात काय होतं?" "मुंबईहून कळेल." ते कळलं नाही. त्यानं वहीत काही लिहिलं. तिनं वाकून पाहिलं, पण तिला ती नुसती अक्षरं दिसली. त्या उन्हाळ्यात समाजमंदिरात प्रौढांचा वर्ग निघाला, तेव्हा ती पहिल्या दिवशी जाऊन बसली.

हात आले, बहुतेकांचे. पाय लुळे होते ते वर्षा-दोन वर्षांनी उलट ताठ झाले, लाकडासारखे. देवमन काठीवर चालायचा, मांड्या एकमेकींत अडकत. पावसाळ्यात काळ्या मातीत त्याचं पाऊल रुतलं की दुसऱ्यानं येऊन काढावं लागे. तो दोर वळायचा. जानरावांनी नाड्या, दावी, सगळं त्याच्याकडूनच घ्यायला सुरुवात केली आणि घ्यायला ते स्वतः येत. दोघं ओट्यावर बसत, पाय पसरून. फार बोलत नसत. चहा मात्र जानराव तिथंच पीत, कपातून, आणि त्यांच्या भावकीनं वर्षभर त्यांना लग्नाचं बोलावणं दिलं नाही. चतुराबाई उठलीच नाही. चौसष्टच्या माघात ती गेली. चार जणांनी तिला उचललं, त्यात देवमन नव्हता. तो काठी टेकत मागून आला आणि पोचला तेव्हा माती देऊन झाली होती.

सदुसष्ट साली नागपूरहून मेडिकलची पोरं आली, दहा-बारा, एका मोठ्या डॉक्टरबरोबर. शाळेच्या व्हरांड्यात उरलेले चौदा रोगी बोलावले गेले. एकेकाला इकडून तिकडं चालायला लावलं. "धोतर जरा वर घ्या." "आता टाचेवर." "पुन्हा एकदा." पोरं लिहून घेत होती. देवमन तीनदा चालला. चौथ्यांदा सांगितलं तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. जानराव भिंतीशी बसल्या बसल्या म्हणाले, "बाप्पा, त्याले पुरे करा. मी चालतो त्याच्या बदली."

भागीरथा पुढं आली. केस पांढरे व्हायला लागले होते. तिनं एका चष्मेवाल्या पोराला गाठलं.

"तुमी इतक्या दुरून आले. तुमाले माईत असन. त्या तेलात काय होतं?"

"माहीत आहे ना," तो म्हणाला. "पुस्तकात आहे. दुसऱ्या देशांतही असं झालंय." त्यानं एक लांबलचक नाव सांगितलं.

"असं नाही. लिवून द्या. मराठीत."

पोरानं मोठ्या डॉक्टरकडं पाहिलं, मग वहीचं पान फाडून लिहिलं. भागीरथेनं कागद उजेडाकडं धरला. ती बोट ठेवून वाचू लागली.

"ट्राय. ऑर्थो. क्रे... क्रेसिल. फॉस्... फॉस्फेट."

"काय म्हनलं?" श्रावण कानाला हात लावून विचारत होता. तिनं पुन्हा वाचलं. कोणी तरी हसलं. चौदा माणसं ते नाव तोंडात घोळवून पाहू लागली, कोणाचं अर्धं राही, कोणाचं भलतंच होई. सहा वर्षं ते त्याला 'जीनचा वात' म्हणत आले होते.

"इतकं मोठं नाव," देवमन म्हणाला. "आन् खाल्लं तवा चव बी लागली नाही."

दुसऱ्या दिवशी भागीरथा कागद घेऊन घरून निघाली.

"कुठी?" देवमननं विचारलं.

"मुकादमाकडं."

"त्याच्याकडं काहून?"

ती दारात थांबली. तिलाही नीट सांगता आलं नसतं. "त्याले बी माईत नसन," ती म्हणाली आणि गेली.

खुशालराव आता गावाबाहेरच्या एका संत्र्याच्या बागेत राखण करत होते. गावात येत नसत. झोपडीपुढं दगडावर बसून ते काटेरी कुंपणासाठी फांद्या तोडत होते. भागीरथेला पाहून उठले. इतकी वर्षं तिच्याशी ते बोलले नव्हते.

"कोन गेलं?" त्यांनी विचारलं.

"कोनी नाही." तिनं कागद काढला. "तेलाचं नाव समजलं."

खुशालरावांनी विळा खाली ठेवला. हात धोतराला पुसले. "मी बी चाखलं होतं," ते म्हणाले. "सहा वर्स झाले, रोज सकायी उठून पायाचे बोटं हालवून पायतो. आज जातीन, उद्या जातीन. जात नाहीत." ते थांबले. "तुरुंगात बी विचारलं मी साहेबाले, काय होतं त्यात म्हनून. तो म्हने, तुले काय करनं हाये."

"वाचू?"

त्यांनी मान हलवली. तिनं वाचलं. बागेत पाटाचं पाणी वाहत होतं, तेवढाच आवाज होता. खुशालराव तिच्या तोंडाकडं पाहत होते, मग कागदाकडं, मग खाली.

"परत एकदा वाच," ते म्हणाले.

भागीरथा त्यांच्यासमोर मातीत बसली. कागद मांडीवर पसरून, बोट ठेवून, एकेक अक्षर फोडून वाचायला लागली. खुशालराव तिच्या मागून म्हणत गेले. तिसऱ्या शब्दावर त्यांची जीभ अडली. ती थांबली. त्यांना जमेपर्यंत थांबली, आणि मग तिनं पुढच्या शब्दावर बोट ठेवलं.